काळ्या रंगाखालचा खड्डा

मी बोलतोय तो रतनसिंगच्या जुन्या पिकअपचा पुढचा बंपर. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. सगळ्यात पुढं राहणाऱ्यानं भित्रं असणं शोभत नाही म्हणतात. पण धडक कशीही झाली तरी ती पहिल्यांदा मलाच कळते, मग भीती दुसऱ्या कुणाला वाटायची?

माझा जन्म साठ-बासष्ट सालचा. कुठल्याशा लांबच्या कारखान्यात मला जाड पत्र्यातून वाकवलं, वर क्रोमचा मुलामा चढवला. तेव्हा माणसं माझ्यात बघून भांग पाडत. वीसेक वर्षं एका सरकारी खात्यात धरणाच्या कामावर राबलो. मग आमची गाडी शेडमध्ये पडून राहिली आणि कोंबड्या माझ्यावर बसून झोपू लागल्या. एक्याण्णव साली हिंगोलीला लिलाव झाला, त्यात रतनसिंगनं गाडी घेतली आणि तिथल्याच गोरेगावच्या पलीकडं आपल्या बंजारा तांड्यावर आणली. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव जायचा. नातू आता गाडीत कापूस आणि हळद लादून हिंगोलीला जाऊ लागला. रोज सकाळी रॉकेलच्या बोळ्यानं तो मला पुसायचा आणि चमकलो की स्वतःशीच हसायचा.

पेमा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघांची घरं लागून. पेमाकडं एक सायकल होती. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून जो पोपटी रंग उरला, तो त्यानं सगळ्या सायकलला फासला होता. तसली सायकल पंचक्रोशीत दुसरी नव्हती. रतनसिंग त्याला विचारायचा, "पेमा, दुसरा बैल कुठं बांधला?"

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरातली ती सकाळ. धुकं इतकं दाट, की मला माझ्याच पुढचा रस्ता दिसत नव्हता. गाडीत कापूस होता. काचेवर आतून वाफ धरली म्हणून रतनसिंग टॉवेलानं ती पुसायला पुढं वाकला. तेवढ्यात माझ्यासमोर एक पाठ आणि तिच्याखाली काहीतरी पोपटी आलं. पुढं लहान पूल होता, त्याचा दगडी कठडा होता. कठडा आणि मी, आणि आमच्या दोघांच्या मध्ये सायकल आणि एक पाय.

तो आवाज मी सांगणार नाही.

रतनसिंगनं कापूस रस्त्यावर लोटून दिला, बेशुद्ध पेमाला उचलून मागं निजवलं आणि मोडकी सायकल ओढ्यात फेकली. हिंगोलीच्या दवाखान्यापर्यंत तो मोठ्यानं रडत होता. तिथं डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? शेजारी पोलीस उभा होता. रतनसिंगच्या तोंडून निघून गेलं, "रस्त्यात पडलेला सापडला, साहेब. कुण्या ट्रकवाल्यानं उडवलं."

खोटं एवढंच होतं. पण पेमा शुद्धीवर आला तेव्हा त्यानं पडल्यापडल्या रतनसिंगचे हात कपाळाला लावले. पेमाची बायको चंदाबाई त्याच्या पाया पडली, त्याला भाऊ म्हणाली. त्यानंतर खरं बोलायला त्याला जागाच उरली नाही.

माझ्या डाव्या अंगाला खोल खड्डा पडला होता. क्रोम फुटला होता आणि फटीत पोपटी रंग बसला होता. तांड्यावर परतायच्या आधी रतनसिंगनं हिंगोलीत खडूची पूड आणि जवसाचं तेल घेतलं. दोन्ही मळून लांबी केली आणि माझ्या खड्ड्यात भरली. आधी घासायला हवं होतं, गंज धरू नये म्हणून रेडऑक्साइडचा हात द्यायला हवा होता, लांबी चार दिवस वाळू द्यायला हवी होती. त्याला कुठला धीर? ओल्या लांबीवरच त्यानं काळा रंग मारला. लोकांनी विचारलं, चांगला चमकत होता, काळा काहून केला? तो म्हणाला, क्रोम झडून राहिला होता.

पेमाचा पाय वाचला, पण वाकडाच राहिला. पुढं दरवर्षी खंडेनवमीला तो काठी टेकत यायचा आणि गाडीची पूजा स्वतः करायचा. इंजिनाची नाही, चाकांची नाही. पहिलं हळदकुंकू माझ्या डाव्या अंगाला, नेमकं त्या जागी. म्हणायचा, हिनं मला जगवलं. त्याची बोटं टेकली की मी आत थिजून जायचो. मागं रतनसिंग नारळ धरून उभा असायचा. तो नारळ कधी एका घावात फुटला नाही.

आणि आतून लांबी कुजत होती. दर पावसाळ्यात काळा रंग थोडा फुगायचा.

दोन हजार चार साली रतनसिंगचा मुलगा प्रेमदास बंगळुरूहून गाड्यांचं शिक्षण घेऊन परत आला. तिथं नोकरी मिळत होती, ती सोडून आला. तांड्यावर आजारी माणसाला न्यायला रात्रंदिवस एक गाडी हवी, हे त्यानं मनाशी घेतलं होतं. "बा, हिनं एक जीव वाचवला," तो म्हणाला. "आता हिनं सगळ्यांना न्यायचं. पण आधी ही नीट दिसली पाहिजे. भंगारात बसल्यावानी वाटलं तर आजारी माणूस अर्धा तिथंच खचतो."

त्याच्या बोलण्यात असा जीव होता, की आई धुरपताबाईनं तिथल्या तिथं आपली जुनी लुगडी पुसायला काढून दिली. फक्त रतनसिंग उठून माझ्या डाव्या अंगाला आड येऊन उभा राहिला.

कामाला सुरुवात झाली. आधी पुढची जाळी निघाली, मग काचांच्या कडेच्या पट्ट्या, दारांच्या मुठी, चाकांच्या टोप्या. एकेक जण तारेच्या ब्रशखाली जायचा, पॉलिश पेपरनं घासला जायचा, रेडऑक्साइड लावून दोरीवर टांगला जायचा. त्यांना आनंद होत असेल. मी मात्र दिवस मोजत होतो.

एका दुपारी प्रेमदास सामान आणायला गेला असताना रतनसिंग पाना घेऊन माझ्याजवळ बसला. पाना पुन्हा पुन्हा बोल्टवरून सुटत होता. त्यानं मला खोललं आणि गोणपाटात गुंडाळलं. मला कळलं. हिंगोलीचं भंगार, मग भट्टी. खरं सांगतो, त्या क्षणी मला वितळण्याची भीती कमी वाटली. निदान पेमाला काही कळणार नव्हतं.

गोरेगावची जीप धरायला तो निघाला, तर वाटेत पेमाच.

"काय घेऊन चालला रं?"

"बंपर. सडलंय. नवं बसवतो."

पेमानं गोणपाट बाजूला केलं आणि माझ्यावर हात ठेवला. "माझ्या देवाला भंगारात घालतो का? आण इकडं. तुझं पोरगं बंगळुरूला शिकून भांडीच घासून राहिलं, मी एक घासलं तर काय बिघडतं? पाय गेलाय, हात हायेत."

रतनसिंगनं मला घट्ट धरून ठेवलं. पेमानं ओढलं. दोन म्हातारी होत आलेली माणसं भर रस्त्यात एका लोखंडासाठी ओढाताण करत होती, आणि जाणारी बायामाणसं हसत होती. शेवटी रतनसिंगचे हात सुटले.

पेमानं मला मांडीवर घेतलं. लिंबाच्या सावलीत तो उजव्या बाजूनं घासत येऊ लागला. प्रेमदासही परत आला आणि कौतुकानं बघत बसला. रतनसिंग चार हात लांब उकिडवा बसला होता. मी मनात म्हणत होतो, बोल रतनसिंगा. पॉलिश पेपर खड्ड्यापर्यंत पोचायच्या आत तू बोल. मी बोललो तर फार वाईट होईल.

तो बोलला नाही. पॉलिश पेपर फुगलेल्या जागी आला, आणि काळ्या रंगासकट लांबीचा ढेकूळ पेमाच्या धोतरावर पडला. खाली गंज, आणि गंजात पोपटी रेघ.

पेमानं थुंकी लावून ती अंगठ्यानं पुसली. एकदा. परत एकदा.

"मी दवाखान्यात डोळे उघडले तवा तू रडून राहिला व्हतास," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच रडत व्हतो, पेमा." रतनसिंग म्हणाला. "अन् माझ्यासाठीबी."

पेमानं मला हळूच जमिनीवर ठेवलं, जसं झोपलेलं लेकरू ठेवतात, आणि काठी घेऊन घरी गेला.

संध्याकाळी चंदाबाई आली. ती ओरडली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "दहा वर्सं आमी त्या ट्रकवाल्याला शिव्या देत होतो. तू बी आमच्यासंगं बसून देत होतास." एवढं म्हणून ती वळली. यावेळी तिनं भाऊ म्हटलं नाही.

प्रेमदास दोन दिवस बापाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बा, घरात कळलं. आता तांड्याला सांगा. मी बाजूला उभा राहतो." खंडेनवमीच्या सकाळी तांड्याचा प्रमुख असलेल्या नाईकाच्या ओट्यासमोर रतनसिंगनं सगळं सांगितलं. पोलीस, खोटं, ओढ्यातली सायकल, सगळं. कुणी त्याला मारलं नाही, कुणी जवळही घेतलं नाही. पेमा तिथं आला नव्हता. त्या वर्षी माझ्यावर हळदकुंकू पडलं नाही.

मला परत गाडीला बसवलं. रेडऑक्साइडचा लाल हात तेवढा दिला. खड्डा भरायचा का, रंग कुठला द्यायचा, हे पेमाकाकानं सांगितल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, असं प्रेमदासनं ठरवलं आहे.

गाडी मात्र धावते. आजारी माणसं नेते. वाटेत पेमा काठी टेकत चालताना दिसला की रतनसिंग थांबतो, दार उघडतो. पेमा बघत नाही, चालत राहतो. मग रतनसिंग पहिल्या गियरमध्ये त्याच्या मागं मागं येतो, तांडा येईपर्यंत.

आजही तसंच चाललंय. गाडी रिकामी आहे. पेमाची पाठ माझ्यापासून दोन हातांवर आहे. पुन्हा तीच पाठ, पुन्हा मी. रतनसिंगचा पाय वर ब्रेकवरच आहे, ते मला लोखंडातून कळतंय. इतका मी त्या धुक्यातही भ्यालो नव्हतो.

आता पेमा थांबलाय. चढ आहे, पाय दुखतोय. गाडीही थांबली. तो वळला, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्यावर बसला. रतनसिंगकडं पाठ करून, गुडघा चोळत. रतनसिंगनं इंजिन बंद केलं. तो खाली उतरत नाही, पेमा उठत नाही, आणि मी हलत नाही.

या रस्त्यानं मागून कुणी गाडी घेऊन येत असाल, तर या जुन्या लोखंडाचं एवढंच मागणं आहे. थोडं थांबा. हॉर्न वाजवू नका.