आधी स्ट्राइक, मग बॉल

मित्रांनो, मी एक जुना इंडिकेटर आहे, म्हणजे खेळातले आकडे मोजायचं छोटं यंत्र. सॉफ्टबॉलच्या पंचांच्या डाव्या मुठीत बसतो. आधीच सांगून ठेवतो, मला एका जागी स्वस्थ पडून राहता येत नाही. माझ्या अंगात तीन चकत्या आहेत आणि त्यांना सतत फिरायची सवय. त्यामुळे सांगता सांगता मी मध्येच पुढे पळालो, तर सांभाळून घ्या.

माझी पहिली चकती स्ट्राइकची, दुसरी बॉलची, तिसरी आऊटची. हा क्रम ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं. चांगला चेंडू बॅटरने सोडला किंवा हुकवला की स्ट्राइक. तीन झाल्या की बॅटर बाद. पिचरने वाईट टाकलेला चेंडू बॅटरने सोडला की तो बॉल. चार झाले की पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकटात. प्रत्येक चेंडूनंतर, बॅटरच्या पायाजवळच्या प्लेटमागे उभ्या असलेल्या मुख्य पंचाने अंगठ्याने माझी चकती सरकवायची आणि आकडे मोठ्याने सांगायचे. आम्ही झालो तेव्हा जपानभर आधी स्ट्राइक आणि मग बॉल सांगायची पद्धत होती, म्हणून आमच्या चकत्याही तशाच बसवल्या.

ओसाकातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी सागा प्रांतातल्या, समुद्रकिनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात, खेळाच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात आलो. तिथून मला हात्सुए कुरातोमीने घेतलं. ती तेव्हा छत्तीस वर्षांची होती आणि पंचांची परीक्षा नुकतीच पास झाली होती. हिवाळाभर ती नोरी, म्हणजे समुद्रातलं खायचं शेवाळ, काढून शेडमध्ये वाळवायची, आणि बाकी वर्षातले रविवार शाळेच्या मैदानावर घालवायची. आवाज मोकळा व्हावा म्हणून बंधाऱ्यावर उभी राहून ती समुद्राकडे तोंड करून ओरडायची. एकदा तिचा नवरा सायकलवरून आला आणि म्हणाला, आता समुद्रातले सगळे मासे आऊट झालेत, घरी चल आणि भात लाव.

वीस वर्षं आम्ही दोघांनी मैदान गाजवलं. ती उजवा हात झटकून स्ट्राइक द्यायची तेव्हा झाडावरचे कावळे उडायचे. बायकांच्या संघांत भांडण होणार असं दिसलं की लोक म्हणायचे, कुरातोमीसानना प्लेटमागे उभं करा, म्हणजे कुणाची बिशाद नाही. मी फुगून जायचो. मोजायचो मी आणि नाव तिचं व्हायचं, असं मला वाटायचं. तेवढा फाजील आत्मविश्वास माझ्यात होता, कबूल करतो.

मग वरून पत्रक आलं. बाहेरच्या जगात आधी बॉल सांगतात आणि मग स्ट्राइक, तर आता आपणही तसंच सांगायचं. सगळ्या पंचांना नव्या क्रमाचे इंडिकेटर वाटले. मी स्वयंपाकघराच्या खणात गेलो, कपड्यांचे चिमटे आणि रबरबँडांच्या सोबतीला. अकरा वर्षं! माझा नुसता जळफळाट व्हायचा. दर रविवारी ती त्या नव्या छटाकभर पोराला मुठीत धरून बाहेर पडायची आणि मी खणातल्या खणात चडफडायचो. एकदा तरी तिने मला परत उचलावं, एवढंच मी मागत होतो.

पण हात्सुएची जीभ काही खणात टाकता येत नव्हती. वीस वर्षांचं वळण तिच्यावर होतं. गडबड झाली की तिच्या तोंडून जुना क्रम निसटायचा. शेवटच्या दोन हंगामांत दोनदा असं झालं. जिल्ह्याच्या पंचांचे प्रमुख ताशिरोसान फार सभ्य माणूस. त्यांनी तिला चहाला बोलावलं आणि वाईट वाटून घेऊ नका असं तीनदा म्हणून सांगितलं, की शरदातल्या अंतिम सामन्याला मी स्वतः येऊन बसणार आहे. तेव्हा चूक झाली तर पुढच्या वर्षीपासून प्लेटमागे दुसरं कुणी उभं राहील आणि तुम्ही बेसवर.

हात्सुएचा सगळा जीव त्या प्लेटमागे होता. तिथून तिला हलवलं तर ती मोडून पडेल, हे मला कळत होतं. पंधरा दिवस ती मासे तळताना पुटपुटत होती, बॉल, स्ट्राइक, बॉल, स्ट्राइक. नवऱ्याने विचारलं तरी उत्तर तेच.

सामन्याच्या आदल्या दिवशी तिने शेडमधल्या जाळ्या ओढल्या आणि सकाळी अंगठा सुजून टरटरून आला. नव्या इंडिकेटरच्या बारीक चकत्या काही केल्या सरकेनात. मग तिने खण उघडला. माझ्या चकत्या मोठ्या आणि तिच्याच अंगठ्याने सैल झालेल्या. तिने मला उचललं तेव्हा मी आनंदाने वेडा झालो. माझा क्रम जुना आहे, याचा घोर मला त्या क्षणी लागायला हवा होता. पण मला मैदान दिसत होतं.

सामना बंदरावरच्या बायका आणि भातगिरणीवरच्या बायका यांच्यात होता. सहा डाव हात्सुएने मला उलटं वाचलं. आधी दुसरी चकती बघायची, मग पहिली, मग तोंड उघडायचं. एकदाही चुकली नाही. मंडपात ताशिरोसान भाताचा गोळा खात शांत बसले होते. तिचा अंगठा मात्र दोन चेंडूंच्या मधे माझी आऊटची चकती उगाच पुढे-मागे करत होता.

सातवा आणि शेवटचा डाव. बंदर एका धावेने मागे, दोघी बाद, तिसऱ्या बेसवर एक जण. तिसरी बाद झाली की सामना संपला. बॅटर होती बालवाडीतली ताई, चोवीस वर्षांची नागिसा. पहिला चेंडू स्ट्राइक, दुसरा बॉल, तिसरा स्ट्राइक. समुद्रावरून वारा सुटला होता, डोळ्यांत धूळ जात होती. हात्सुएने माझ्याकडे पाहिलं आणि जसं दिसलं तसंच वाचलं.

"टू-वन."

तिच्या मनात दोन स्ट्राइक आणि एक बॉल होता. पण नागिसाला आयुष्यात नवाच क्रम ठाऊक. ती समजली दोन बॉल, एक स्ट्राइक, म्हणजे अजून एक चेंडू सोडता येईल. पुढचा चेंडू गुडघ्याजवळून प्लेटच्या कडेवरून गेला. तिने सोडला. हात्सुएची मूठ वर गेली, तिसरी स्ट्राइक, बॅटर बाद. गिरणीच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नागिसा जागची हलली नाही.

"कुरातोमीसान, माझी एक स्ट्राइक बाकी होती ना? तुम्ही टू-वन म्हणालात."

हात्सुएने मूठ उघडून मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता माझ्या चकत्या गळून पडाव्यात.

ताशिरोसान मंडपातून झपझप आले. त्यांना तिला काढायचं नव्हतंच, हे तेव्हा कळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "वाऱ्यात कुणाला नीट ऐकू गेलेलं नाही. वहीत तीन स्ट्राइक आहेत. मी वन-टूच म्हणाले होते, एवढं सांगा आणि दोन्ही संघांना रांगेत उभं करा." आमच्याकडे दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांना वाकले, की निकाल पक्का होतो.

तिने माझ्यावर खापर फोडलं असतं, जुना आहे, उलटा आहे म्हटलं असतं, तरी ते खोटं ठरलं नसतं.

"मी टू-वनच म्हणाले," हात्सुए सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चूक माझी आहे. चेंडू परत टाका."

गिरणीच्या प्रमुखबाई तावातावाने आल्या. चेंडू चांगला होता, आमच्या पिचरने काय पाप केलं, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचंही बरोबर होतं. हात्सुएने त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. पंचाच्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर ते पंचानेच निस्तरायचं असतं, आणि रांगा लागेपर्यंत ते माझ्या हातात आहे, एवढंच ती म्हणाली. मग तिने माझी चकती मागे घेतली आणि एकेक शब्द तोडून सांगितलं, एक बॉल, दोन स्ट्राइक.

पिचरने टाकला. नागिसाने जीव खाऊन बॅट फिरवली. हवाच लागली. बाद.

म्हणजे निकाल तोच राहिला, बघा. एवढ्यासाठी तिने आपली जागा घालवली, असं मंडपात कुणीतरी बोललंसुद्धा. नागिसा जाता जाता प्लेटपाशी थांबली. तिचे डोळे भरले होते. "आता मी माझी मी आऊट झाले," ती म्हणाली आणि हात्सुएपुढे वाकली.

ताशिरोसाननी शब्द पाळला. वसंतात हात्सुए तिसऱ्या बेसवर उभी राहिली आणि प्लेटमागे पोस्टातला शिमोदा. तिने मला खणात टाकलं नाही. त्या बेसवर काम फारसं नसतं, तरी ती प्रत्येक चेंडूला चकती सरकवते. मी तळमळतो. कुणी आकडे विचारत नाही, मग कशाला मोजायचं, असं मला वाटायचं.

गेल्या रविवारी एका बॅटरने इतके चेंडू रेषेबाहेर टोलवले, की शिमोदाची मोजणीच हरवली. पिचर थांबली. तो घामाघूम होऊन हळूच तिसऱ्या बेसकडे बघू लागला. हात्सुएने मला नीट पाहिलं. मग डाव्या हाताची तीन बोटं बॉलची, उजव्या हाताची दोन स्ट्राइकची, अशी दोन्ही छातीशी एकदमच धरली. आधी कोण आणि मग कोण, हा प्रश्नच उरला नाही. शिमोदाने मान हलवली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "थ्री-टू."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू हातात घ्याल, तेव्हा ती काय दाखवते ते नीट वाचा आणि मगच तोंड उघडा. तरीही चुकलात, तर सगळे रांगेत उभे राहायच्या आत सांगून टाका. तेवढ्या वेळात चकती मागे घेता येते. मी घेतलेली पाहिली आहे.