पदर घेतलेली बाई

"उद्या एक मे. सगळ्यांना सुट्टी, हजेरी लागेल," असं मनोजने सांगितलं, तेव्हा गोदामातल्या बायकांनी टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी ठेवल्या. धाकली मात्र हातातली टेप तशीच धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

वळ गावातल्या त्या गोदामात ती सात वर्षं खोकी बांधत होती. एक मेला कधी कुणी सुट्टी दिली नव्हती. मागे एका होळीला अशीच न मागता मिळाली होती, आणि परत आल्यावर नऊ जणींना गेटवरूनच माघारी पाठवलं होतं. त्यांच्या जागी नव्या बायका उभ्या. शिवाय मनोज म्हणजे जमीनमालकाचा पुतण्या आणि सुपरवायझर. बाई पाणी प्यायला उठली तरी घड्याळ बघणारा.

"रंगूबाय, ह्यात कायतरी हाय," ती शेजारणीला म्हणाली.

"गप गं. सुट्टी मिळाली तं झोप काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडघ्याजवळच्या पाड्यावर तिची लेक स्नेहा झेंडावंदन करून आली. "आये, गुरुजी बोलले, आज कामगार दिन पन हाय."

"तो लूमवाल्यांचा, कापडाच्या कारखान्यातल्यांचा आसंल."

"न्हाय. काम करतो त्याचा. म्हंजे तुझा पन."

धाकलीला हसू आलं. तिला सगळे लेबर म्हणत. तीही स्वतःला तेच म्हणायची. पण मग डोक्यात भुंगा सुरू झाला. दिवस आपला, तर इतकी वर्षं कुठं होता? आणि याच वर्षी मनोजला तो कसा आठवला? ताटातली भाकरी तशीच ठेवून ती उठली आणि टमटम पकडून वळला गेली.

"आज छुट्टी है, मौसी," वॉचमन म्हणाला. पण आतून ठोकाठोकीचा आवाज येत होता. आणल्या नव्या बायका! कुंपणाला वळसा घालून ती मागे गेली आणि पत्र्याच्या फटीला डोळा लावला.

बायका नव्हत्या. भंगाराच्या खोलीत गवंडी संडासाचं भांडं बसवत होता. दारावर रंगारी पदर घेतलेली बाई काढत होता. सात वर्षं गोदामातल्या बायका मागच्या झुडपात जात, एक जण पहाऱ्याला उभी राही. धाकलीला क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यात मनोजचा आवाज आला.

"उद्या तपासणीवाली मॅडम येऊन गेली की कुलूप मार. भंगार परत आत टाकायचंय."

दोन तारखेला मॅडम आल्या. आधी मनोजच्या केबिनमध्ये चहा प्यायल्या. हीपण त्याच्यातलीच, असं धाकलीला वाटलं, आणि सांगायचं म्हणून जुळवलेलं सगळं तिनं गिळून टाकलं. मग मॅडम मागे आल्या. "ही सोय कधीपासूनची?"

"पहिल्यापासून," मनोज म्हणाला.

मॅडमनी बायकांकडे बघितलं. रंगूबाईनं मान खाली घातली.

"काल केलंय," धाकली म्हणाली. "आमाला सुट्टी देऊन. तुमी गेल्यावर कुलूप लागनार हाय."

"खोटं बोलते ती!"

मॅडमनी दारावरच्या चित्राला बोट लावलं. बोटाला हिरवा रंग आला. रुमालाला बोट पुसून त्यांनी कागदावर बरंच काही लिहिलं, मनोजची सही घेतली आणि जाताना म्हणाल्या, "मी परत येईन. सांगून येणार नाही."

त्या दिवशी कुलूप लागलं नाही. मनोजनं धाकलीला पुढे दीड महिना उन्हातल्या ट्रकवर माल चढवायला लावलं, पण काढलं नाही. काढलं तर मॅडम नाव विचारतील, हे त्याला कळत होतं. धाकलीचा भरवसा मात्र बसला नाही. रोज हजेरी लावायच्या आधी ती मागे जाऊन दार उघडून बघायची.

जूनमध्ये मॅडम खरंच आल्या. या वेळी धाकली ट्रकवर होती. दाराची कडी तुटलीय, हे त्यांना रंगूबाईनं सांगितलं.