तेल खाणारी गाडी

धर्माशेठला इंजिनाचं कौतुक कुणी सांगू नये. खाडीकाठचं मिठागर सुटलं तसा तो ट्रकवर चढला. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर, मग मालक. साऱ्या जन्मात इंजिन म्हणजे खोकणारं, कुरकुरणारं, शिव्या घातल्याशिवाय चढ न चढणारं जनावर, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून त्याच्या मुलानं, दिपेशनं, मुंबईहून ती जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली तेव्हा म्हातारा ओटीवरून उठलासुद्धा नाही. लालभडक, बुटकी, जेमतेम दोन माणसांपुरती गाडी!

"हिची डिकी कुठं हाय?" त्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"पुढं हाय, बाबा. इंजिन मागं."

"म्हंजे उलटीच बनवलीय. मी न्हाय बसायचा असल्या खेळण्यात."

आणि मग दिपेशनं चावी फिरवली.

काय सांगावं! तो आवाज आधी अंगणात घुमला, मग धर्माच्या छातीत शिरला. त्यात कुरकुर नव्हती, खडखड नव्हती. खोल, भरलेला, एका दमाचा आवाज होता तो. धर्माच्या अंगावर सर्रकन काटा आला. माणसाच्या हातून असलं काही घडतं? त्याला उठून जवळ जावंसं वाटलं, हात लावावासा वाटला. पण नाही बसायचा हा शब्द तोंडातून गेला होता ना! आणि धर्माशेठ पडला मानी. तो ओटीवर तसाच बसून राहिला आणि सुपारी कातरायचं सोंग करत कान टवकारून ऐकत राहिला.

या घरची एक रीत होती. ट्रकांनी तेल-पाणी घेतल्याशिवाय घरात चहा व्हायचा नाही. पहाटे थंड इंजिनातली तेलाची काडी ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवून बघायची आणि कमी पडलेलं तेल मालकानं स्वतःच्या हातानं ओतायचं. आता ट्रक उरणच्या यार्डात उभे असायचे, धंदा दिपेशच्या मोबाइलवर चालायचा, आणि धर्माचे हात रिकामे होते. त्याला रिकामपण खायला उठायचं.

गाडी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरगा झोपलेला असताना, धर्मानं हळूच मागचं झाकण उचललं. काडी सापडली. ओढून बघतो तर तेल पार तळाला!

"अरं देवा, उपाशी ठेवलीय बिचारीला," तो पुटपुटला. ट्रकसाठी ठेवलेला तेलाचा डबा आणून त्यानं काडीवरच्या खुणेपर्यंत तेल ओतलं. मग झाकण लावून तो चहाला आला. बोलला कुणाशीच नाही. कसा बोलणार? खेळणं म्हणाला होता ना! पण पुढं रोजच हे चालू झालं. रोज सकाळी बघावं तर तेल खाली गेलेलं, आणि रोज धर्मा ते भरून ठेवायचा. नातवंडाला खाऊ द्यावा तसं त्याला सुख वाटायचं.

थोड्याच दिवसांत गाडी निळा धूर सोडायला लागली. असातसा नाही, नाक्यावरची माणसं तोंडाला रुमाल लावायची. "दिपेश, डास मारायची गाडी आणलीस काय रं?" मित्र ओरडायचे. पनवेलच्या गॅरेजवाल्यानं धूर बघूनच सांगून टाकलं, की ही तेल खाते, इंजिन खोलावं लागेल, आणि हिचे भाग इथं मिळायचे नाहीत.

दिपेशच्या डोक्याची वाट लागली. "मी बघतो तवा काडीवर तेल बरोबर असतं," तो जेवता जेवता ताट सरकवून म्हणायचा, "आणि रस्त्यावर नेली की धूर! फसलो मी. लहानपणापासून हिच्यासाठी जीव टाकत होतो आणि शेवटी ही अशी निघाली." धर्मा खाली मान घालून भात कालवायचा. जितका धूर वाढे तितकी त्याला गाडीची दया येई, आणि जितकी दया येई तितकं तो तेल ओती.

शेवटी दिपेशनं पुण्याचं गिऱ्हाईक ठरवलं. सोमवारी गाडी जाणार.

सकाळचा तो आवाज आता घरात ऐकू येणार नाही, एवढंच धर्माच्या मनात घोळत राहिलं. पण बायकोला, कृष्णाबाईला, वेगळीच काळजी. "आली तवा नारल फोडला न्हाय, म्हनून हे सगलं," ती म्हणाली. "चाललीच हाय तं एकदा हरिहरेश्वराच्या पायाशी नेऊन आना. माजे गुडघे त्या गाडीच्या खड्ड्यात वाकायचे न्हाईत. अवो, तुमी जा पोरासंगती."

"मी?" धर्मा म्हणाला. पण तोवर तो चपला शोधायला लागलासुद्धा होता.

रविवारी सकाळी निघाले. मुरुडच्या नारळीच्या वाड्या मागे गेल्या, आगरदांड्याच्या जेट्टीवरून गाडी बोटीनं पलीकडे दिघीला उतरली, आणि पुढच्या चढावर दिपेशनं एकदाच पाय दाबला. धर्माची पाठ सीटला चिकटली. ट्रकवर हाच चढ म्हणजे अर्धा तास देवाचा धावा असायचा. इथं रस्ता स्वतःहून खाली सरकत होता. उजवीकडे भर उन्हात समुद्र पसरला होता, आणि पाठीमागे ते इंजिन असं गात होतं की धर्माला काही सुचेना. त्याचे डोळे पाणावले. "आई गं," एवढंच तो म्हणाला. दिपेशनं वळून बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी पोराच्या तोंडावर हसू आलं.

ते बोर्ली पंचतनच्या बाजारापर्यंतच टिकलं. एसटी आणि टेम्पो समोरासमोर अडकलेले, मागेपुढे गाड्या. निळ्या धुरानं अर्धा बाजार भरला. मासळीवाली करवादली, "अरे बंद कर ती तुजी भट्टी!"

"बंद केली तं चालू करताना याच्या दुप्पट धूर निघंल," दिपेश दात खात म्हणाला. "बघितलंत, बाबा? म्हणून विकतोय."

धर्माला बसवेना. तो खाली उतरला, मागचं झाकण उचललं, आणि सवयीनं त्याचा हात काडीकडे गेला. इंजिन चालू होतं! चालू इंजिनाची काडी ओढली म्हणून त्यानं एकेका क्लीनरच्या कानाखाली वाजवली होती. पण जीव कळवळला की हात ऐकत नाही.

काडी बाहेर आली ती खुणेच्या कितीतरी वरपर्यंत तेलानं माखून. पुसून पुन्हा बुडवली. तेच. सकाळी तळाला होतं. आपण खुणेपर्यंतच भरलं, त्यातलंही रस्ताभर जळत आलंय, आणि तरी खुणेच्या एवढं वर?

धर्मा काडी हातात धरून उभा राहिला. आणि एकदम त्याला लहानपणची खाडी दिसली. ओहोटीला सगळा गाळ उघडा पडायचा, पाणी गेलं असं वाटायचं. पाणी जातं कुठं? भरतीला तेच परत येतं. हे इंजिन उभं राहिलं की तेल रात्रभर खाली पोटात उतरतं. चालू झालं, तापलं, की तेच वर, काडी बुडते त्या टाकीत चढतं. थंड असताना बघायचंच नसतं ते! आणि आपण रोज सकाळी, ओहोटी बघून, हंड्यानं खाडी भरत बसलो. जास्तीचं झालेलं ती बिचारी जाळून टाकत होती.

कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे? कुठल्या परमुलखातल्या माणसानं लोखंडाला भरती-ओहोटी दिली? धर्मानं आयुष्यभर इंजिनाला शिव्याच दिल्या होत्या. आता भर बाजारात, धुरात उभं राहून, त्यानं त्या गरम लोखंडापुढं हात जोडले.

जोडलेले हात खाली आले तशी भीती आली. सांगितलं तर पोरगा काय म्हणेल? धर्माशेठ, ज्याच्या हातच्या तेलावर ट्रक वर्षानुवर्षं धावले, त्यानंच गाडीची वाट लावली? न सांगितलं तर उद्या गाडी जाईल. वर पोरगं जन्मभर म्हणत राहील, मी फसलो.

दिपेशनं खिडकीतून मोबाइल बाहेर धरला. "पुण्याचा हाय. माज्यानं न्हाय बोलवत. सांगा, उद्या या म्हणून."

धर्मानं तो घेऊन "हां, बोला" म्हटलं. फोनचा स्पीकर चालू होता. "काका, ट्रेलर घेऊन सकाळीच निघतो," पलीकडचा म्हणाला. "फक्त एक खरं सांगा. किती तेल खाते?"

धर्मानं पोराकडे बघितलं. दिपेश स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता.

"खात न्हाय," धर्मा म्हणाला.

"मग एवढा धूर कसला?"

"मी भरवत व्हतो. रोज सकाळी, पोराच्या चोरून. तिला नको व्हतं तरी."

दिपेशनं मान वर केली.

"गाडी चांगली हाय," दिपेशकडे बघत धर्मा म्हणाला, "माज्या पोरानं चांगलीच आनली व्हती. तुमी येऊ नका."