मुंगवड्यांची पाळी

१९६४ सालचा चैत्र. चिखलीजवळच्या एका गावात, तानुबाईच्या माजघरात, मनकर्णाबाई तांब्या उंच धरून झुंबरबाईच्या तोंडात पाण्याची धार सोडत होती. झुंबरबाईचे हात मनगटापर्यंत मुगाच्या पिठानं भरलेले. कशाला लागू नयेत म्हणून तिनं दोन्ही पंजे उघडे, वर धरले होते. पाणी पिऊन ती अंगणात परतली आणि बाजेवरच्या धोतरावर वड्या घालू लागली.

त्या गल्लीत तेव्हा कोणी एकटीनं मुंगवड्या घालत नसे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. सगळ्याजणी जमत. पीठ मात्र पहाटे वाटलं की ऊन चढायच्या आत संपवावं लागे.

सगळं आवरल्यावर तानुबाईनं गळा चाचपला. पोत सैल झाली होती. सोन्याचा मणी नव्हता.

अंगण झाडलं, बाजेखाली पाहिलं. मग शेजारची बनाबाई हळूच म्हणाली,

"मधातच काऊन उठली व्हती वो झुंबरा?"

"पानी प्याले," झुंबरबाई म्हणाली.

त्यावर एकीला तेव्हाच शंका आली होती. दुसरीनं तिला कमरेशी हात नेताना पाहिलं होतं. तिसरीनं नुसती मान हलवली. झुंबरबाई मनकर्णाबाईकडे बघत राहिली. मग सगळ्याच बघू लागल्या.

"मी काई पाह्यलं नाही," मनकर्णाबाई म्हणाली आणि तांब्या घासायला बसली.

चार दिवसांनी वड्या घालायची पाळी झुंबरबाईच्या घरची होती. मनकर्णाबाई धुतलेलं धोतर काखेत घेऊन निघाली. ओट्यावर बायका बसल्या होत्या.

"कुठी चालली वो?" बनाबाईनं विचारलं.

"कुठीच नाही. वाळू घालतो."

तिनं ते कोरडं धोतर कुंपणावर पसरलं. झुंबरबाईच्या दारात कोणी गेलं नाही. दुपारी आंबलेल्या पिठाचा वास गल्लीभर आला.

आषाढात मनकर्णाबाईनं तानुबाईकडून वानोळा म्हणून भेट आलेल्या वड्या भाजीसाठी वरवंट्यानं फोडल्या. एकीतून मणी निघाला. ती तशीच झुंबरबाईकडे धावली.

झुंबरबाईनं मणी पाहिला, हातात घेतला नाही.

"माहे हात तुनं पाह्यले व्हते ना?"

"हाव."

"मंग मणी कायले पाहिजे व्हता?"

मनकर्णाबाईनं मणी तानुबाईला नेऊन दिला. झुंबरा तशी नाहीच, हे मग सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक होतं. पण मणी मनकर्णाच्याच घरात कसा निघाला, असं बनाबाईनं ओट्यावर विचारलं, आणि पुन्हा माना हलल्या.

पुढच्या चैत्रात मनकर्णाबाईच्या अंगणात एकटी झुंबरबाई आली. तिनं बाज भरेपर्यंत वड्या घातल्या.

तानुबाई तो मणी गळ्यात असतानाच गेली. बनाबाई मुलाकडे चिखलीला राहायला गेली आणि तिथंही तिचा ओटा भरलेला असे. मनकर्णाबाई आणि झुंबरबाई मात्र म्हाताऱ्या होईपर्यंत एकमेकींच्या वड्या घालत राहिल्या. दर वर्षी मनकर्णाबाई तांब्या घेऊन पुढे व्हायची. झुंबरबाई उठायची, रांजणापाशी जाऊन हात स्वच्छ धुवायची आणि आपल्या हातानं पाणी घ्यायची.