तोक्तोसुनचा राहिलेला टोला

मित्रांनो, माझ्या पांढऱ्या रंगावर जाऊ नका. तो पाहुण्यांसाठी फासलेला आहे. आतून मी एक जुनी, काठाला तडा गेलेली घंटा आहे. किर्गिझस्तानातल्या एका गावाबाहेर सांडपाणी शुद्ध करतात, तिथल्या पंपाच्या विहिरीच्या तोंडाशी मी टांगलेली असते.

भट्टीतून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या शाळेत जाईन. नशिबी आली ही विहीर. चाळीस पायऱ्या खोल, आणि तळाशी साऱ्या गावाची घाण. माझी दोरी थेट तळापर्यंत सोडलेली असे. उतरणाऱ्याने एक टोला द्यायचा, वर आल्यावर एक. मदत हवी असेल तर खालून तीन. संध्याकाळी टोले जुळले की मगच कामगार घरी जात. मला त्याचा भारी अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

बावीस वर्षांपूर्वी बेशेन नावाच्या कामगाराने माझी दोरी वरच खिळ्याला गुंडाळून ठेवली. ओली दोरी येता-जाता तोंडावर आपटते, एवढंच कारण. त्या दुपारी त्याचा मित्र तोक्तोसुन एक टोला देऊन उतरला. खाली विषारी वायू साठला होता. नंतर भिंतीवर त्याच्या बोटांच्या खुणा सापडल्या, जिथे दोरी असायला हवी होती नेमक्या तिथे. त्याचा वर आल्याचा टोला राहूनच गेला.

तेव्हापासून बेशेन रोज सकाळी दोरी तळापर्यंत पोचते का ते बघतो. पुढे वायू ओळखणारी डबी आली आणि मला कुणी विचारेनासं झालं, पण त्याने नेम मोडला नाही. पोरंसोरं त्याची थट्टा करत. वारा नसतानाही कधीकधी दोरी हलायची. पंपाच्या हादऱ्याने हलत असेल, असं मी मनाला समजवायचे.

यंदा वसंतात निरनिराळ्या शहरांतले अकरा अभियंते हे शुद्धीकरण केंद्र पाहायला येणार होते. केंद्राच्या साहेबांनी मला रंग दिला आणि दोरी गुंडाळायला सांगितली. बेशेनने हात जोडले. "साहेब, पाहिजे तर मला घरी बसवा, पण दोरी बांधू नका." साहेबांनी ती स्वतःच गुंडाळली.

भर दुपार होती. केंद्रातली सायकालताई डबी घेऊन पुढे, मागे पाहुणे. खाली सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. वर चहा आणि गरम बोरसोक, म्हणजे तळलेल्या पिठाचे गोळे, वाट पाहत होते, त्यामुळे परतताना सगळ्यांना घाई. पाहुण्यांपैकी नारीन शहराहून आलेला मेदेर तेवढा रेंगाळला. त्याच्याकडचा असाच पंप बंद पडला होता, म्हणून तो वहीत इथल्या पंपाचं चित्र काढत होता. पायऱ्या चढणाऱ्यांना तो हसून म्हणाला, "चला, वास तरी गेला एकदाचा."

ते ऐकून माझं लोखंड गार पडलं. मित्रांनो, तिथला वास कधी जात नाही. वायू फार वाढला की नाकच मरतं. ही गोष्ट सायकालताईला ठाऊक होती, पण ती डबीसकट आधीच वर जाऊन चहा ओतत होती. बाकीचे हसले आणि वर आले. दोरी बांधलेली, टोले कुणी दिलेच नव्हते, मग मोजणार काय? मी ओरडू शकत नव्हते.

मग मी वाजले. एक, दोन, तीन.

सगळे दचकून वळले. दोरी खिळ्यालाच गुंडाळलेली होती. सायकालताई धावत पायऱ्यांकडे गेली, तेव्हा बेशेनने तिचा दंड धरला. तो मास्क आणि हवेची टाकी चढवून उतरला आणि मेदेरला पाठीवर घेऊन आला. बऱ्याच वेळाने मेदेरने डोळे उघडले. त्याने दोरी ओढली नव्हती. दोरी आहे हेच त्याला माहीत नव्हतं.

बेशेनने गुंडाळी हातात घेतली. कोरड्या उन्हात ती ठिबकत होती, आणि तिच्यावर बोटं आवळल्याच्या खुणा होत्या. त्याने ती सोडून तळापर्यंत खाली टाकली आणि वाकून हळूच म्हणाला, "तोक्तोसुन, तुझा एक टोला राहिलाय रे. दे, आणि घरी जा बाबा."

आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. दोरी ताठ झाली, कुणीतरी ती धरली होती. पण टोला काही आला नाही.

तो अजून खालीच आहे, मित्रांनो. माझी दोरी पुन्हा कुणी बांधणार नाही, अशी त्याची खात्री पटलेली नाही. तेवढी त्याची खात्री पटू द्या.