मी दुसऱ्याच दांड्यावर बसले

मी बोलू ना? विचारून घेते, कारण माझी गोष्ट न बोलण्याच्या एका व्रतापासूनच सुरू होते. घरच्या थोरल्या सुनेनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, देवापुढे हात जोडून म्हटलं होतं, "ह्यांच्या होडीचं इंजिन दुरुस्त होऊन होडी पैलतीराला जाऊन सुखरूप परत येईपर्यंत, रोज दुपार होईतो मी तोंडातून शब्द काढणार नाही."

मी त्याच इंजिनातली एक कॅप. कॅप म्हणजे डोक्यावर घालायची नव्हे. दिसायला मी अर्ध्या कड्यासारखी, जाडजूड, आणि दोन्ही टोकांना बोल्टासाठी भोकं. इंजिनात एक लांब दांडा असतो, कनेक्टिंग रॉड म्हणतात त्याला. त्याच्या पायाशी मला बोल्टांनी आवळलेलं असतं आणि आम्ही दोघं मिळून क्रँकला, म्हणजे होडीचा पंखा फिरवणाऱ्या वाकड्या आसाला, धरून ठेवतो. सगळी होडी आमच्या या धरण्यावर चालते.

कारखान्यात आधी आम्हा दोघांना एकत्र आवळलं आणि मगच मधली गोल पोकळी कातली. त्या गोलाईतला अर्धा भाग त्याचा, अर्धा माझा. माझ्यासारख्या दिसणाऱ्या कॅपा ढिगानं असतील, पण त्या दांड्याची मीच. हे आमचं लग्न कारखान्यातच लागलेलं, त्यात पुढं कुणाची मर्जी चालत नाही.

घरात भाऊ दोन, होड्या दोन, आणि दोन्ही होड्यांना इंजिनंही एकाच जातीची, एकाच दुकानातून आणलेली. दोघं भाऊ नदीच्या ह्या काठावरची माणसं त्या काठावर नेत आणि तिकडची इकडे आणत. मागच्या हंगामात थोरल्यांचं इंजिन भर प्रवाहात खोकलं आणि गप्प झालं. होडी माणसांसकट बंधाऱ्याकडे वाहत निघाली. एका झाडाच्या मुळांत अडकली म्हणून सगळे वाचले. वहिनी तेव्हा काठावर उभ्या होत्या. व्रत त्या संध्याकाळचं.

पाणी चढलं की काही आठवडे होड्या बंद असतात. तेवढ्यात भावांनी दोन्ही इंजिनं उतरवून अंगणात खोलली. निळ्या चादरीवर थोरल्यांचं, पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीवर धाकट्यांचं. मी निळ्या चादरीवर, माझ्या दांड्याशेजारी.

त्या दिवसांत सकाळी घर मोठं मजेचं असायचं. वहिनी खुणेनं विचारत, खुणेनं वाढत.

"बोलणं बंद केलंय," सासूबाई म्हणायच्या, "पण भांड्यांचा आवाज दुप्पट झालाय. सगळं त्यांच्याकरवी सांगते."

"दादा, मजा आहे तुझी," धाकटे म्हणायचे. "सकाळ कशी शांत. हे व्रत पुढच्या वर्षीही धरायला सांग."

वहिनी त्यांच्यापुढे चहाचा कप असा आपटायच्या, की उत्तर पोचायचं.

एके सकाळी भाऊ क्रँक घासून आणायला वर्कशॉपात गेले. वहिनींनी अंगणात येऊन आमच्याकडे पाहिलं. काळे, चिकट, तेलकट होतो आम्ही. त्यांच्या जिवाला ते बघवेना. त्यांनी घमेल्यात रॉकेल ओतलं, जुना टूथब्रश घेतला आणि एकेकाला घासायला बसल्या. असं मला आजवर कुणी घासलं नव्हतं. कानाकोपऱ्यातलं काळं त्यांनी काडीनं काढलं. ओठ सारखे हलत होते, आवाज मात्र नाही. नाव देवाचं असणार.

आणि मग स्वयंपाकघरातल्या बाईचा जो हात असतो, तो चालला. चमचे चमच्यांत, वाट्या वाट्यांत. बोल्ट एकीकडे, स्प्रिंगा एकीकडे, आणि आम्ही दोन कॅपा एकीवर एक, दोन वाट्यांसारख्या. दोन्ही दांडे बाजूबाजूला. सगळं पुसून, वाळवून झालं तेव्हा त्यांना आठवलं, की चादरी दोन आहेत. त्यांनी पुन्हा वाटणी केली. प्रत्येक वस्तू इकडे एक, तिकडे एक. बहीण-भावंडांना खाऊ वाटावा तशी, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. विचारायला शेजारी सासूबाई होत्या, पण दुपार व्हायची होती.

मी पट्ट्यांच्या चादरीवर गेले. माझा दांडा निळ्या चादरीवर राहिला.

भाऊ परत आले आणि बघतच राहिले.

"वहिनी! अहो, दुकानात मांडल्यासारखं केलंत!" धाकटे म्हणाले.

थोरले फारसं बोलणारे नव्हेत. तेही म्हणाले, "छान झालं गं. आमचे दोन दिवस वाचवलेस."

वहिनींचा चेहरा असा फुलला, की मला त्या क्षणी वाईट वाटायचं विसरायलाच झालं.

रात्री जेवताना थोरले भावाला सांगत होते, "बेअरिंगं नवी घालू, पण कॅप ज्या दांड्याची त्यालाच लावायची हं. इकडची तिकडे बसते, पण नीट धरत नाही. कधी सुटेल सांगता येत नाही. बरं झालं, आपण चादरी वेगळ्या ठेवल्या."

वहिनींचा घास हातातच राहिला.

"काय गं, मीठ कमी आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. बरोबर आहे."

तेव्हा तर दुपार केव्हाच टळून गेली होती. व्रत आड येत नव्हतं. आड आलं ते दुपारचं कौतुक. उद्या सांगू, म्हणाल्या असतील मनात. आणि असंही म्हणाल्या असतील, की दोनच तर कॅपा, कदाचित बरोबरच पडल्या असतील. झोपायच्या आधी त्या कंदील घेऊन अंगणात आल्या. मला उचललं, दुसरीला उचललं, दोन्ही हातांत धरून खूप वेळ पाहिलं. आम्ही अगदी सारख्या. त्यांनी आम्हाला होतं तिथेच ठेवलं आणि देवाला म्हणाल्या, "तूच बघ रे बाबा."

मला त्यांना दोष देववत नाही, कारण माझंही काही बरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी धाकट्यांनी मला त्यांच्या इंजिनाच्या दांड्यावर ठेवलं, आणि मी बसले. बोल्ट शिरले. मी जरा वाकडी राहिले असते, कुठे अडले असते, तर एखादा थांबला असता. पण परक्या घरी गेल्यावर माणूस जसं हसून "काही नको, ठीक आहे" म्हणतं, तशी मी बसले. आणि ती दुसरी कॅप, माझी बहीणच म्हणा, थोरल्यांच्या इंजिनात, माझ्या जागी.

हातानं फिरवताना क्रँक एका ठिकाणी जड जात होता.

"नवं आहे," थोरले म्हणाले. "चालून चालून मोकळं होईल."

वहिनी दारात उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या. सकाळ होती. दुपारी त्या काहीतरी सांगायला अंगणात आल्या, तेव्हा थोरले म्हणाले, "बघ, तुझ्या व्रतानं काम कसं भराभर झालं." त्या परत आत गेल्या.

मग तो दिवस आला. पाणी उतरलं होतं तरी ओढ होती. दोन्ही होड्या काठाला बांधलेल्या. आधी थोरल्यांची जायची होती. धाकटेही त्याच होडीत चढले, आणि सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन फळीवर जाऊन बसल्या.

"आई, तू कशाला? अजून चालवून बघायची आहे."

"मागच्या वेळी मी घरात होते आणि जीव टांगणीला होता. आज इथेच बसते. चल, हाण."

थोरल्यांनी हँडल मारलं. एकदा. इंजिन फुसफुसलं. धाकट्यांनी दोर सोडायला हात घातला.

"थांबा!"

काठावरची बगळ्यांची रांग उडाली. थोरले हँडल हातात धरून तसेच राहिले. ऊन अजून कोवळं होतं. इतक्या सकाळी वहिनींचा आवाज त्यांनी किती तरी दिवसांत ऐकला नव्हता.

"अहो, ते सुरू करू नका. कॅपा बदलल्यात. मी... मी धुताना सगळं एकत्र केलं होतं. मग अंदाजानं वाटलं."

"आणि आत्ता सांगतेस?"

"हो."

"इतके दिवस?"

"तुम्ही छान म्हणालात," वहिनी म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. "तुम्ही छान म्हणालात म्हणून नाही सांगवलं."

थोरले खाली बसले, इंजिनाच्या कुशीचं झाकण काढलं. माझ्या बहिणीला सोडवलं, बेअरिंग बाजूला केलं, तिला नुसतंच दांड्याला जोडलं आणि सांध्यावरून नख फिरवलं. नख अडलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं. मग त्यांनी धाकट्यांकडे पाहिलं, धाकट्यांनी प्रवाहाकडे, आणि प्रवाह जिकडे जातो त्या बंधाऱ्याकडे.

दुसऱ्या होडीतून मला आणलं. मी माझ्या दांड्यावर बसले. नख सरकलं, जसं काचेवरून सरकावं.

"व्रत मोडलं माझं," वहिनी काठावर म्हणत होत्या. "एवढे दिवस पाळलं आणि शेवटच्या दिवशी मोडलं. आता काही झालं तर..."

"काही होत नाही," सासूबाई फळीवरून उतरता उतरता म्हणाल्या. "आज बोललीस म्हणून मी उतरतेय, नाहीतर मला कुठून काढलं असतं कुणास ठाऊक. तुझं उरलेलं व्रत मी धरते. होडी जाऊन येईपर्यंत मी बोलणार नाही."

"आई, तू?" धाकटे म्हणाले. "मग तू घरात आहेस हे आम्हाला कळणार कसं?"

सासूबाईंनी उत्तर दिलं नाही. व्रत सुरू झालं होतं. पिशवी मात्र धाकट्यांच्या पाठीत बसली.

होडी दुसऱ्या दिवशी गेली आणि आली. परत आलेल्या होडीचा दोर बांधला जाईपर्यंत सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मग बोलायला लागल्या त्या जेवणापर्यंत थांबल्या नाहीत.

आता मी माझ्या जागी आहे, गरम तेलात. थोरल्यांनी माझ्यावर आणि माझ्या दांड्यावर पंचानं, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं, एकेक टिंब ठोकलं, आमची जोडी ओळखू यावी म्हणून. बहिणीच्या जोडीवर दोन-दोन. ठोकताना दुखलं, पण बरं वाटलं.

वहिनींना अजून वाटत राहतं. व्रत मोडल्याचं नाही. ते देवानं केव्हाच समजून घेतलं असेल, तो काय घड्याळ घेऊन बसत नाही. त्यांना वाटतं ते त्या रात्रीचं, जेव्हा बोलायला काहीच आडकाठी नव्हती. होडीत बसल्या की त्या इंजिनाच्या पेटीवर तळहात ठेवतात. मला त्याची ऊब लागते. माझी ऊब त्यांना लागते. तिथे त्यांनी नवं व्रत धरलंय, आयुष्यभराचं: आपल्या हातून काही हललं, बदललं, मिसळलं, तर दिवस मावळायच्या आत, कुणी कितीही कौतुक केलेलं असो, सांगून टाकायचं. परवाच त्यांनी सासूबाईंची औषधं आवरली आणि लगेच ओरडून सांगितलं, "आई, डब्या मी हलवल्यात हो, बघून घ्या!"

हे व्रत सोपं आहे. उपास नाही, खर्च नाही. तुमच्याही हातून काही इकडचं तिकडे झालं असेल, आणि इंजिन अजून सुरू झालं नसेल, तर काठावर नुसतं उभं राहू नका. "थांबा" म्हणा.