तारीखबाई

फर्निचरवाल्यांचा आवाज फोनमधून इतका बाहेर येत होता, की शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसानं मान वर करून पाहिलं. तिनं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला आणि ते श्वास घ्यायला थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. गाडी याही आठवड्यात येत नाहीये. कारखान्यात एक भाग बाहेरून यायचा आहे, तो अजून आलेला नाही. आला की पहिला फोन तुम्हाला."

"मागच्या शनिवारी हेच सांगितलंत."

"हो. मागच्या शनिवारीही ते खरंच होतं."

पलीकडे फोन आपटला गेला. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि पुढचा नंबर फिरवला.

शोरूमच्या पुढच्या भागात, मोठ्या काचेमागं, चकचकीत गाड्या उभ्या असत. तिथं विक्रीची तरुण मंडळी कडक इस्त्रीच्या शर्टात फिरत, लोक रिबिनी बांधलेल्या गाड्यांसमोर उभं राहून फोटो काढून घेत. तिचं टेबल अगदी मागं, वर्कशॉपच्या दाराला लागून होतं. ज्यांची गाडी शोरूममध्ये नव्हती, कारखान्यात खास मागवलेली होती आणि कधी येणार ते देवालाही सांगता आलं नसतं, अशी सगळी माणसं तिच्या वाट्याला आलेली. तिच्या आधी या टेबलावर एक गोडबोले गृहस्थ होते. ते सगळ्यांना 'पंधरा दिवसांत नक्की' असं सांगत. पंधरा दिवस झाले की चहाला किंवा रजेवर जात. शेवटी नोकरीच सोडून गेले. मग शोरूमचे फोन घेणाऱ्या या बाईंना इकडं बसवण्यात आलं.

तिनं पहिल्याच आठवड्यात तारखा देणं बंद केलं. माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगायचं, आणि लोकांनी चौकशी करायच्या आधी आपणच दर शनिवारी फोन करायचा, असं तिनं ठरवलं. साहेबांना ते पटलं नव्हतं. झोपलेल्या वाघाला काठी कशाला टोचता, असं त्यांनी विचारलं.

"साहेब, वाघ झोपलेले नाहीत," ती म्हणाली होती. "फोनपाशीच बसलेत."

साहेब हसले आणि गप्प बसले. पण विक्रीच्या पोरांनी तिचं नाव तारीखबाई ठेवलं ते ठेवलंच. एकही तारीख न देणाऱ्या बाईला हे नाव पडावं याचं तिला कधीकधी हसू यायचं. ते नाव घरापर्यंत पोचलं होतं. चष्म्याच्या काचा घासण्याच्या छोट्या कारखान्यातून नवरा संध्याकाळी घरी यायचा, चपला काढता काढता विचारायचा, "चहाची काही तारीख?" चहा तोच करायचा, हा भाग वेगळा.

तिच्या शनिवारच्या फोनांमध्ये एक फोन ती शेवटी ठेवायची. तोंड कडू झालं की शेवटी खडीसाखर ठेवावी तसा. तो फोन एका वयस्कर गिऱ्हाइकाला असायचा, ती त्यांना काकू म्हणायची. काकूंचे यजमान, म्हणजे सर, शाळेत चित्रकला शिकवायचे. आता दोन्ही मूत्रपिंडं थकली होती, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात न्यावं लागे. गुडघे वाकत नसत. टॅक्सीची सीट खाली, त्यामुळे आत बसवताना ड्रायव्हर काखेत हात घालून ओढायचा, उतरवताना काकू ओढायच्या. एकदा तर एक टॅक्सी त्यांची काठी बघून न थांबता निघून गेली होती. म्हणून दोघांनी जुनी बुटकी गाडी विकली आणि ही मागवली होती. सरकत्या दाराची, उंच सीटची, उभ्या उभ्या टेकून मग फक्त वळायचं, अशी. चालवायच्या काकूच. गाडीचं चक्र हातात आलं की मी वय विसरते, असं त्या म्हणायच्या.

काकू कधी चिडल्या नाहीत. "नाही ना आली? बरं. येईल," असं म्हणून त्या लगेच विचारायच्या, "तुमचं जेवण झालं का?" साडेतीन वाजलेले असायचे आणि बहुतेक वेळा झालेलं नसायचं. "आधी डबा उघडा," अशी दटावणी मिळायची, आणि फोन ठेवून ती खरंच डबा उघडायची.

एका शनिवारी मात्र काकूंनी जेवणाचं विचारलं नाही.

"एक विचारू? राग मानू नका," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, आता फार पुढचं ठरवू नका. यांना एकदा शहराबाहेरच्या तळ्यावर जायचंय. मुलांना चित्रं काढायला तिथं न्यायचे. टॅक्सीनं नाही म्हणतात, आपल्या गाडीनं. तर गाडी येईल तेव्हा बसायला ते असतील का, एवढंच... पण तुम्हाला कसं कळणार म्हणा."

त्या दिवशी तिनं डबा उघडला आणि तसाच पुन्हा बंद केला.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यातून निरोप आला. त्या बनावटीची एक गाडी तयार होऊन निघाली होती. गडद लाल. ती फर्निचरवाल्यांची होती. काकूंची पांढरी अजून रांगेत मागं होती, आणि किती मागं ते कारखानाही सांगत नव्हता. दोन्ही गाड्या अगदी एकसारख्या, फरक फक्त रंगाचा.

ती साहेबांच्या खोलीत गेली. पाळी बदलता येईल का, असं विचारलं. साहेब म्हणाले, आपल्याला बदलता येणार नाही. ज्याची पाळी आहे त्यानं राजीखुशीनं सोडली आणि तसं लिहून दिलं तर माझी हरकत नाही. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"तुम्ही त्या माणसाला विचारणार?"

"विचारून बघते."

तिनं फोन केला नाही. फोनवर त्यांना ओरडायची सवय झाली होती, आणि तिला ऐकायची. संध्याकाळी सुटल्यावर ती बसनं त्यांच्या दुकानात गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ती स्वतःहून वाघाच्या गुहेत चालली होती.

फर्निचरवाले तिच्या कल्पनेतल्या माणसासारखे मुळीच नव्हते. बारकेसे, बुटकेसे, प्लास्टिक न काढलेल्या एका सोफ्याच्या कडेवर बसून ते खुर्चीच्या पायाला पॉलिश कागद घासत होते. तिनं नमस्कार करून दोन शब्द बोलताच त्यांनी आवाज ओळखला आणि ते ताडकन उभे राहिले. स्वतः आलात म्हणजे गाडी आली, असं धरून त्यांनी आतल्या बाजूला बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली. बसायला सगळ्यात चांगली खुर्ची पुढं सरकवली गेली.

"आजवर चार गाड्या झाल्या," ते बायकोकडं बघत म्हणाले, "चारही दुसऱ्यांनी वापरलेल्या. एकीत तर कुणाच्या तरी कुत्र्याचे केस शेवटपर्यंत निघत होते. ही पहिली कोरी."

त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की तिला वाटलं, अभिनंदन करावं आणि आल्या पावली परत जावं. पण ती बसली. गाडी निघाली आहे, येत्या चार-सहा दिवसांत पोचेल, असं तिनं आधी सांगितलं. मग कुणाचंही नाव न घेता दुसऱ्या घरची हकीकत सांगितली. टॅक्सीची सीट सांगितली, काखेतले हात सांगितले, तळं सांगितलं. तुम्ही नाही म्हणालात तरी गाडी तुमचीच आहे, आणि मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते मलाही ठाऊक नाही, असंही सांगितलं.

फर्निचरवाले ओरडले नाहीत. हातातला पॉलिश कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

"तुम्ही जा आता," ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांचा हळू आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. घरी जाताना सगळा वेळ तोच कानात राहिला. एका माणसाच्या आनंदात आपण माती कालवली, असं तिला वाटत होतं. रात्री जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ताटावरून मान न उचलता ऐकून घेतलं. म्हणाला, मागायला तोंड लागतं, ते तुझ्याकडं होतं, तू मागितलंस. आता द्यायचं की नाही ते त्यांचं त्यांना बघू दे. मग तिच्या ताटात भाजी वाढून म्हणाला, "खा आधी."

सकाळी ती शोरूममध्ये पोचली तेव्हा फर्निचरवाले तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसलेले होते. धुतलेला शर्ट, नीट विंचरलेले केस, जणू गाडी घ्यायलाच आले होते.

"सही कुठं करायची?" त्यांनी विचारलं.

तिनं कागद पुढं केला. त्यांनी सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि मग टेबलाकडं बघतच बोलले.

"वर्षभर मी तुमच्यावर ओरडलो, ताई. दर वेळी फोन मी आपटला, तुम्ही कधी आपटला नाहीत. काल बायको म्हणाली, त्या बाईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं, तेही स्वतःसाठी नाही. मग मला काही झोप लागली नाही."

नाव मात्र कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी अट घातली. आणि उठताना बजावलं, "शनिवारी फोन करायचा. त्यात सूट नाही."

काकूंना तिनं तेव्हाच फोन लावला आणि लाल रंग चालेल का, एवढंच विचारलं. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला आणि काकू म्हणाल्या, "अहो, जांभळीसुद्धा चालेल."

गाडी घ्यायला दोघं आली. सर उंच, वाळलेले, कोट आता दोन मापं मोठा झालेला. लाल गाडी बघून ते काठीवर भार देऊन उभे राहिले. आयुष्यभर मी मुलांना सांगितलं की लाल रंग जपून वापरा, असं ते तिला म्हणाले, आणि स्वतःशीच हसले. विक्रीतला एक पोरगा त्यांना आधार द्यायला पुढं झाला, काकूंनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं. सरांनी काठी काकूंकडं दिली. दार सरकलं. ते सीटला टेकले, कडेचा दांडा धरला, आणि हळूहळू वळून एकेक पाय आत घेतला. थोडा वेळ ते स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत राहिले.

"कुणी धरलं नाही मला," ते म्हणाले.

ती कागद शोधायचं निमित्त करून आत गेली आणि कपाटाचं दार उघडून उगीचच उभी राहिली. वर्षानुवर्षं नाही म्हणण्याचा पगार घेतल्यावर असंही काही पदरात पडतं, हे तिला ठाऊक नव्हतं. ज्यानं दिलं, ज्यांनी घेतलं, ज्यानं ताटात भाजी वाढली, सगळ्यांच्या उपकारांनी तिला एकदम भरून आलं.

निघताना काकूंनी विचारलं, हे कसं जमलं. एका गृहस्थांनी आपली पाळी दिली आणि नाव सांगू नका म्हणालेत, असं तिनं सांगितलं. काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग त्यांना एवढंच सांगा, की तुमचं जेवण झालं का, असं मी विचारलंय."

शनिवारी तिनं हा निरोप फर्निचरवाल्यांना शब्दशः दिला.

"झालं म्हणावं," ते म्हणाले. आणि फोन हलकेच ठेवला.

त्यांची गाडी यायला आणखी बरेच महिने लागले. दर शनिवारी फोन होई. अधूनमधून ते जुन्या सवयीनं आवाज चढवत, मग आपणच खोकून तो खाली आणत. शेवटी पांढरी गाडी आली. बायको, मुली, जावई अशी सगळी फौज घेऊन ते आले. पांढरी म्हणजे रोज धुवायची कटकट, असं कुरकुरत त्यांनी दार उघडलं, आत डोकं घालून कोऱ्या गाडीचा वास छातीभर घेतला आणि बराच वेळ डोकं बाहेर काढलंच नाही.

त्याआधीच, थंडी सरता सरता, सर गेले. काकूंनी स्वतः फोन करून कळवलं. तळ्यावर किती वेळा गेलो ते मोजलंसुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या. दवाखान्यातून येताना मुद्दाम लांबच्या रस्त्यानं यायचो. शेवटच्या दिवसांत ते गाडीतून उतरायचे नाहीत, काच खाली करून बघत बसायचे. त्या गृहस्थांना सांगा, म्हणाल्या, आणि पुढं काय सांगायचं ते त्यांना सुचलं नाही. सांगते, असं ती म्हणाली.

मग एकदा काकू गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आल्या. गाडी तयार झाली तेव्हा तिचीही सुटायची वेळ झाली होती. पर्स खांद्याला लावून ती बाहेर पडली, तर फाटकाशी लाल गाडी थांबलेली. काकूंनी शेजारचं दार सरकवलं होतं.

"चला, सोडते."

ती नको नको म्हणाली, बस मिळेल म्हणाली. काकूंनी ऐकलंच नाही. ती बसली. सरांची ती सीट खरंच उंच होती, वाकावं लागलंच नाही. काकू सराईतपणे गाडी चालवत होत्या, बोलत होत्या. गच्चीवरच्या कुंड्यांबद्दल, एका जुन्या विद्यार्थ्यानं सरांची चित्रं चौकटीत बसवून आणून दिली त्याबद्दल. संध्याकाळची गर्दी होती. चौकातला दिवा एकदम लाल झाला, पुढची मोटारसायकल थांबली, काकूंनी ब्रेक दाबला.

ब्रेक दाबताच काकूंचा एक हात चक्रावरून सुटला आणि झटकन तिच्या छातीपुढं आडवा आला. पडू नये म्हणून धरावं, तसा.

गाडी थांबली होती. हात तिथंच होता. काकू समोर दिव्याकडं बघत होत्या. ती हलली नाही, श्वाससुद्धा जपून घेत राहिली. दिवा हिरवा झाला, मागच्या गाडीनं भोंगा वाजवला, तेव्हा काकूंनी तो हात हळूच काढून पुन्हा चक्रावर ठेवला.